रक्ताचा दाटपणा आणि हृदयविकार

पाणचक्की हे छत्रपती संभाजीनगरचे, म्हणजेच २०२३ पूर्वीच्या औरंगाबादचे, एक भूषण होय. शहराच्या उत्तरेकडील डोंगरातून खापराच्या नळांवाटे आलेले पाणी तेथे उंच भिंतीवर चढते आणि खाली कोसळून चक्कीला गती देते. त्याआधी, १६१० साली खडकी हे नगर वसविणाऱ्या मलिक अंबराने नहर-ए-अंबरीच्या रूपाने याच भूमीखाली पाण्याच्या वाटा खोदल्या होत्या. जमिनीच्या पोटातून वाहणारे हे पाणी दिसत नसे. ते नगरात येऊन पोहोचले म्हणजेच त्याच्या वाहण्याची खात्री पटे. नळात गाळ साचला, झाडाची मुळे शिरली वा खापर फुटले, तर प्रथम पाण्याची धार बारीक होई आणि मग कारण शोधावे लागे.

याच पाणचक्कीच्या परिसरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे. १९५६ साली स्थापन झालेले हे रुग्णालय साऱ्या मराठवाड्यात ‘घाटी’ या नावाने ओळखले जाते. हृदयविकाराचा रुग्ण डॉक्टरांसमोर येतो तेव्हा त्याच्याही देहात असाच एक न दिसणारा नळ अरुंद झालेला असतो. रुग्णाला व त्याच्या नातलगांना ही गोष्ट ‘नस बंद झाली’ या शब्दांत सहज समजते. परंतु त्याच वेळी आणखी एक वाक्य त्यांच्या कानावर पडते: ‘रक्त दाट झाले आहे, पातळ होण्याची गोळी घ्यावी लागेल.’ या वाक्याचा अर्थ मात्र घरोघरी वेगवेगळा लावला जातो आणि त्या चुकीच्या अर्थापायी माणसे प्राणास मुकतात. म्हणून रक्ताचा दाटपणा म्हणजे काय, हृदयविकाराशी त्याचा संबंध कोणता आणि ‘पातळ करणारी’ म्हणविली जाणारी गोळी प्रत्यक्षात काय करते, हे तीन प्रश्न येथे क्रमाने पाहावयाचे आहेत.

नळ आणि द्रव

हृदय साऱ्या शरीराला रक्त पुरविते. पण स्वतःच्या स्नायूसाठी लागणारे रक्त त्याला आपल्या पोकळीतून मिळत नाही. त्यासाठी महारोहिणीच्या मुळापासून निघालेल्या दोन रोहिण्या हृदयाला बाहेरून वेढून बसलेल्या असतात. त्यांची जाडी मोठी नसते. आतील पोकळी साधारण तीन ते चार मिलिमीटर भरते. विश्रांतीच्या वेळी या रोहिण्यांतून दर मिनिटाला सुमारे पाव लिटर रक्त वाहते. माणूस धावू लागला, चढ चढू लागला वा डोक्यावर ओझे घेऊन चालू लागला, म्हणजे हाच पुरवठा चौपटीपर्यंत वाढू शकतो. विशेष असे की हृदयाचा स्नायू आकुंचन पावतो तेव्हा तो स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबून धरतो. त्यामुळे डाव्या बाजूचा बराचसा पुरवठा हृदय शिथिल होते त्या अवधीतच उरकावा लागतो.

नळातून द्रव किती वेगाने वाहील याचा नियम प्वाझय नावाच्या फ्रेंच वैद्याने १८४० च्या सुमारास बारीक काचनळ्यांवर प्रयोग करून शोधला. केशवाहिन्यांतून रक्त कसे वाहते, हे कुतूहल त्याच्या प्रयोगांमागे होते. त्या नियमाचा आशय थोडक्यात असा: दाब तोच असेल तर प्रवाह नळाच्या त्रिज्येच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात बदलतो. त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाह निम्मा होत नाही, तो सोळाव्या हिश्श्यावर येतो. त्रिज्या केवळ एक दशांशाने घटली तरी प्रवाह सुमारे एक तृतीयांशाने कमी होतो. रोहिणीच्या आतल्या भिंतीवर मेद व तंतूंचा लेप साचणे एवढे घातक का ठरते, हे या एका गणितावरून ध्यानात येते. या विकाराला वैद्यकीय मराठीत रोहिणी-विलेपीविकार म्हणतात.

त्याच नियमात दुसरीही एक राशी आहे. ती म्हणजे द्रवाचा दाटपणा. शास्त्रीय परिभाषेत श्यानता. दाटपणा दुप्पट झाला तर प्रवाह निम्मा होतो. शाळेतील शिक्षकांना हे वर्गात दाखविणे अवघड नाही. सारख्याच आकाराच्या दोन नरसाळ्यांपैकी एकात पाणी व दुसऱ्यात काकवी ओतावी आणि रिकामे होण्यास किती वेळ लागतो ते विद्यार्थ्यांनीच मोजावे. दोहोंचे भोक तेच, उंची तीच. फरक द्रवात आहे.

जिवंत देहात अर्थातच हा नियम काचनळीइतका काटेकोर चालत नाही. मोठी रोहिणी अरुंद होऊ लागली की पुढच्या सूक्ष्म वाहिन्या रुंदावतात आणि विश्रांतीच्या वेळचा पुरवठा सांभाळून घेतात. म्हणूनच अरुंदपणा बराच वाढेपर्यंत बसल्या जागी काही जाणवत नाही. श्रम करताना मात्र छाती भरून येते. थांबल्यावर बरे वाटते म्हणून ते दुखणे ‘गॅस’ समजून दुर्लक्षिले जाते. श्रमाबरोबर येणारे व विश्रांतीने जाणारे छातीतील दडपण ही रोहिणीने दिलेली सूचना होय, आणि तिची तपासणी लांबणीवर टाकू नये.

रक्त पाण्यासारखे का वाहत नाही

पाणी संथ वाहो वा वेगाने, त्याचा दाटपणा बदलत नाही. रक्ताचे तसे नाही. रक्ताचा साधारण ४० ते ४५ टक्के भाग तांबड्या पेशींनी व्यापलेला असतो आणि उरलेला रक्तद्रवाचा असतो. नेहमीच्या वेगाने वाहणारे रक्त पाण्याच्या चार ते पाच पट दाट भरते. परंतु वेग मंदावला की तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटू लागतात आणि दाटपणा कित्येक पटींनी वाढतो. वेग वाढला की चळती मोडतात, पेशी लांबट होऊन प्रवाहाच्या दिशेने वळतात आणि रक्त पुन्हा सुलभ वाहते. सारांश, रक्त जितके संथ तितके दाट आणि जितके दाट तितके संथ. निरोगी वाहिनीत या फेऱ्याला हृदयाचा जोर आवर घालतो. अरुंद झालेल्या वाहिनीपलीकडच्या मंद प्रवाहात मात्र त्यातून अडचण उद्भवते.

रक्ताच्या या स्वभावावर चार गोष्टींचा प्रभाव पडतो. पहिली, तांबड्या पेशींचे प्रमाण. दुसरी, रक्तद्रवातील प्रथिने. त्यांत फायब्रिनोजेन हे प्रथिन विशेष महत्त्वाचे, कारण पेशींना चिकटविण्याचे आणि गुठळीचे तंतू पुरविण्याचे अशी दोन्ही कामे तेच करते. तिसरी, पेशींची एकमेकींना चिकटण्याची प्रवृत्ती. चौथी, त्यांची लवचिकता. तांबड्या पेशीचा व्यास सात-आठ मायक्रॉन असतो, तर काही केशवाहिन्या त्याहूनही अरुंद असतात. पेशी दुमडून, वाकून त्यांतून पार होते. तिची लवचिकता घटली तर शेवटच्या त्या गल्लीत प्राणवायू पोहोचविण्याचे काम रखडते.

रक्ताच्या वाहण्याचे कोडे उलगडण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली. स्वीडनमधील फेरेयस यांनी १९१८ पासून पेशी खाली बसण्याच्या वेगाचा अभ्यास केला. आज प्रत्येक तालुक्याच्या प्रयोगशाळेत होणारी ‘ईएसआर’ ही तपासणी त्याच घराण्यातील आहे. १९३१ साली त्यांनी लिंडक्विस्ट यांच्यासह दाखवून दिले की फारच बारीक नळीत रक्ताचा दाटपणा उलट कमी भासतो, कारण पेशी मध्यभागातून वाहतात आणि कडेला रक्तद्रवाचे वंगण राहते. निसर्गाने बारीक वाहिन्यांसाठी केलेली ही सोयच म्हणावयाची. महाराष्ट्रातही या विषयावर काम झाले आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील जैववैद्यकीय अभियांत्रिकीचे प्राध्यापक डॉ. राम पुनियानी यांनी रुग्णांच्या रक्ताच्या प्रवाहगुणांचा दीर्घकाळ अभ्यास केला.

हृदयरुग्णांच्या रक्तात काय आढळते

हृदयाच्या रोहिण्यांचा विकार असलेल्या रुग्णांचे रक्त व निरोगी माणसांचे रक्त यांची तुलना अनेक देशांत झाली आहे. सरासरीने पाहता अशा रुग्णांत रक्तद्रव अधिक दाट, फायब्रिनोजेन अधिक आणि पेशींची चिकटण्याची प्रवृत्ती वाढलेली आढळते. लंडनमधील नॉर्थविक पार्क येथील अभ्यासातून १९८६ साली, तर अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथील विख्यात पाहणीतून १९८७ साली फायब्रिनोजेन आणि हृदयविकार यांचे नाते पुढे आले. स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे ५५ ते ७४ वर्षे वयाच्या १,५९२ स्त्री-पुरुषांचा पाठपुरावा करण्यात आला. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत, पुढे हृदयविकार वा पक्षाघात झालेल्यांचे रक्त आरंभीच सरासरीने अधिक दाट होते असे दिसून आले.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असे सिद्ध होत नाही. धूम्रपान, रक्तदाब व कोलेस्टेरॉल यांचा हिशेब लावल्यानंतर या नात्याचा काही भाग सौम्य होतो. रोहिणीच्या भिंतीला आलेली सूजही फायब्रिनोजेन वाढविते. म्हणजे दाटपणा हे काही अंशी विकाराचे कारण, तर काही अंशी त्याची खूण असू शकते. म्हणूनच रक्ताचा दाटपणा मोजण्याची चाचणी हृदयविकाराच्या नित्याच्या तपासण्यांत समाविष्ट झालेली नाही आणि केवळ दाटपणा कमी करण्यासाठी वेगळे औषधही दिले जात नाही. ‘रक्त शुद्ध व पातळ करणारा’ म्हणून आठवडी बाजारात विकला जाणारा काढा घेऊन रोहिणीतील लेप जात नाही. लसूण आहारात जरूर असावी, पण ती गोळीची जागा घेऊ शकत नाही. रक्तदान हे पुण्याचे काम आहे. हृदयविकारावरील उपचार म्हणून मात्र त्याकडे पाहू नये.

तरीही या संशोधनाचा व्यवहारात मोठा उपयोग आहे. रक्ताचा स्वभाव ज्या गोष्टींनी बिघडतो, त्यांतील बहुतेक माणसाच्या हातातील आहेत. विडी-सिगारेटच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड तांबड्या पेशींची जागा अडवितो. ती उणीव भरून काढण्यासाठी शरीर अधिक पेशी तयार करते आणि धूम्रपानाने फायब्रिनोजेनही वाढते. अनियंत्रित मधुमेहात तांबड्या पेशी ताठर बनतात. उन्हाळ्यात घामावाटे पाणी जाऊन ते भरून निघाले नाही तर रक्तातील द्रवभाग घटतो. उलट नियमित चालणे, साखर व रक्तदाब आटोक्यात ठेवणे आणि तंबाखू सोडणे यांनी रक्त आणि रक्तवाहिनी या दोहोंचेही हित साधते.

‘पातळ करण्याची’ गोळी

आता ज्या वाक्यापासून आरंभ केला त्याकडे वळू. ॲस्पिरिन व तिच्या जोडीला दिल्या जाणाऱ्या क्लोपिडोग्रेलसारख्या गोळ्यांना सर्रास ‘रक्त पातळ करण्याच्या गोळ्या’ म्हणतात. खरे पाहता या गोळ्यांनी रक्त पातळ होत नाही. काकवीत पाणी मिसळावे तसा काही परिणाम त्या घडवीत नाहीत.

रोहिणीच्या भिंतीवरील लेप फुटला की रक्तातील रक्तबिंबिका, म्हणजेच प्लेटलेट, जखम झाली असे समजून तेथे धावतात आणि एकमेकींना चिकटून गुठळी उभारतात. बोट कापल्यावर जी क्रिया जीव वाचविते, तीच हृदयाच्या रोहिणीत घडली तर काही मिनिटांत वाट बंद होते. बहुतेक हृदयविकाराचे झटके असे येतात. ॲस्पिरिन रक्तबिंबिकांची ही चिकटण्याची शक्ती कमी करते. जॉन वेन यांनी १९७१ साली ॲस्पिरिनच्या क्रियेचे मूळ उलगडले आणि १९८२ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. १९८८ साली १६ देशांतील १७,१८७ रुग्णांवरील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हृदयविकाराचा झटका आल्याचा संशय असलेल्या रुग्णांपैकी ज्यांना ॲस्पिरिन किंवा गुठळी विरघळविणारे इंजेक्शन यांपैकी काहीच मिळाले नाही, त्यांच्यापैकी पाच आठवड्यांत सुमारे १३ टक्के दगावले. ज्यांना दोन्ही मिळाले, त्यांच्यात हे प्रमाण ८ टक्के होते.

हा भेद शब्दांचा वाटेल; परंतु मराठवाड्यातील एखाद्या घरात तो जीवन-मरणाचा ठरतो. गंगापूर वा कन्नड तालुक्यातील पन्नाशीचा एक शेतकरी डोळ्यांपुढे आणावा. झटका येतो, रुग्णालयात स्टेंट बसविला जातो. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झालेल्या आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणाऱ्या जन आरोग्य योजनेमुळे हा उपचार गरीब कुटुंबाच्याही आवाक्यात आला आहे. शेतकरी घरी परततो, तीन महिन्यांत पूर्वीसारखा हिंडू-फिरू लागतो. कापसाच्या वेचणीचे दिवस येतात. शेजारी सांगतात, ‘एवढ्या दिवसांत रक्त पातळ झालेच असेल, आणखी गोळ्या खाल्ल्या तर पाणी होईल, अंगात ताकद राहणार नाही.’ दाढ काढावयाची असते म्हणूनही गोळी थांबते. संपलेली गोळी आणावयास तालुक्याला कोण जाणार, म्हणूनही थांबते. घरच्यांना हा निर्णय समजूतदारपणाचा वाटतो, कारण ‘पातळ’ या शब्दाचा अर्थ त्यांनी सरळ घेतलेला असतो: जे दाट होते ते पातळ झाले, आता काम संपले.

पण गोळीचे काम रक्त एकदा पातळ करून संपणारे नाही. ती रोज पहारा देते. स्टेंट ही धातूची जाळी आहे. तिच्यावर वाहिनीचे नैसर्गिक अस्तर चढण्यास काही महिने लागतात आणि तोवर उघड्या धातूवर रक्तबिंबिका चिकटण्याचा धोका राहतो. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. रक्तबिंबिकांचे आयुष्य मात्र अवघे आठ-दहा दिवसांचे असते. गोळी थांबली की आठवडाभरात गोळीचा परिणाम न झालेल्या नव्या रक्तबिंबिका रक्तात येतात आणि पहारा उठतो. अशा वेळी स्टेंटमध्ये गुठळी झाली तर येणारा झटका बहुधा मोठा असतो आणि त्यातून अनेक रुग्ण वाचत नाहीत. म्हणून झटक्यानंतर स्टेंट बसविलेल्या रुग्णाला दोन गोळ्या साधारण एक वर्ष आणि त्यातील एक पुढे दीर्घकाळ घ्यावयास सांगतात. नेमकी मुदत रुग्णागणिक डॉक्टरच ठरवितात. दाढ काढावयाची असो वा शस्त्रक्रिया करावयाची असो, गोळी चालू असल्याचे त्या डॉक्टरांना सांगावे. परस्पर ती बंद करू नये.

गोळीला दुसरी बाजूही आहे. तिच्यामुळे रक्तस्राव होऊ शकतो. शौचाला काळे होणे, उलटीत रक्त दिसणे अशी लक्षणे आढळताच विलंब न लावता डॉक्टरांकडे जावे. ज्यांना हृदयविकार नाही त्यांनी ऐकीव माहितीवर ॲस्पिरिन सुरू करणेही योग्य नव्हे. ऑस्ट्रेलिया व अमेरिकेतील १९,११४ निरोगी वृद्धांवरील चाचणीत २०१८ साली असे आढळले की रोजच्या ॲस्पिरिनने त्यांना हृदयविकारापासून उल्लेखनीय संरक्षण मिळाले नाही, रक्तस्राव मात्र वाढले. एकाला संजीवनी ठरणारी गोळी दुसऱ्याला अपायकारक ठरू शकते.

गावपातळीवर करावयाचे काम

या सर्व विवेचनातून पंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्यासाठी काही सोप्या गोष्टी निष्पन्न होतात.

गावात स्टेंट बसविलेले वा बायपास झालेले रुग्ण किती, याची माहिती आशा कार्यकर्तीच्या मदतीने ठेवता येईल. महिन्यातून एकदा घरी जाऊन एकच प्रश्न विचारावा: गोळ्या चालू आहेत का, आणि किती दिवसांच्या उरल्या आहेत? या प्रश्नासाठी वैद्यकीय पदवी लागत नाही. तालुक्याला जाणाऱ्या एका माणसाने चार घरांच्या चिठ्ठ्या नेल्या तर चार पहारे चालू राहतात. सोसायटीच्या कर्जाची मुदत गावात सर्वांच्या ध्यानात असते. गोळीची मुदतही तशीच ध्यानात राहावी.

रोजगार हमीच्या कामावर व शेतात एप्रिल-मे महिन्यांत पिण्याचे पाणी व सावली असणे ही केवळ सोय नसून ती आरोग्याची गरज आहे. ज्यांच्या हृदयाची शक्ती कमी झाल्याने डॉक्टरांनी पाण्याचे प्रमाण बांधून दिले आहे, त्यांनी मात्र तोच सल्ला पाळावा. शाळेच्या आवारात व ग्रामपंचायत कार्यालयात तंबाखूला मज्जाव असावा. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. तिची अंमलबजावणी गावाच्या जागरूकतेवरच अवलंबून राहते.

छातीत दडपण येऊन ते डाव्या हातात, जबड्यात वा पाठीत पसरत असेल, दरदरून घाम सुटत असेल, तर घरगुती उपायांत वेळ दवडू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून उपलब्ध आहे. स्त्रियांत व मधुमेहींत दुखणे कमी आणि धाप, मळमळ वा थकवा अधिक अशीही लक्षणे असू शकतात, हे महिला मंडळांनी विशेष लक्षात घ्यावे. रोहिणी बंद झाल्यापासून प्रत्येक मिनिटाला हृदयाचा स्नायू निकामी होत जातो. तेथे तासाचा नव्हे, मिनिटांचा हिशेब असतो.

शेवटी शब्दाविषयी. ‘रक्त पातळ करणारी गोळी’ हे वाक्य डॉक्टर, परिचारिका, औषधविक्रेते व कार्यकर्ते या सर्वांनीच बदलणे हितावह ठरेल. ‘गुठळी होऊ न देणारी गोळी’ एवढे म्हटले तरी अर्थ नेमका पोहोचतो. रक्त पातळ झाले की काम संपले, असे माणसाला वाटते. गुठळी मात्र कोणत्याही दिवशी होऊ शकते, हे त्याला सांगावे लागत नाही. पाण्याच्या नहरीची निगा जशी एका दिवसात उरकत नसे, तशीच हृदयाच्या या तीन मिलिमीटरच्या नहरीची निगाही रोजची आहे. ती ठेवण्याचे काम बऱ्याच अंशी रुग्णालयाच्या बाहेर, घरात आणि गावातच होणार आहे.